उपऱ्यांची खानेसुमारी

पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन आपल्या मराठी सहकाऱ्यांना घेऊन पवनेकाठच्या एका खेड्यात हेलपाटे घालत होते. जमीन किती, तिचे तुकडे किती, घरात खाणारी तोंडं किती आणि सावकाराचं देणं किती, एवढंच त्यांना विचारायचं होतं. खेड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे की, यातला शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस बैलांना पाणी पाजायचं राहिलंय म्हणून उठतो. तरीही काम पुरं झालं आणि १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हे पुस्तक निघालं. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर.

आज कोकणे चौकात उभं राहून त्या खेड्याचा माग काढू गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. चहूबाजूंनी टॉवर आणि त्यांच्या पोटात दोन-तीन मजली पार्किंग. मॅनसाहेबांचे आकडे मात्र अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून अजून फिरतात. या गावात १७७१ साली खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली, १८२० ते ४० च्या दरम्यान १४ एकरांवर, आणि १९१४-१५ साली उरली ती ७ एकर. जमिनीच्या तुकडेजोडीचा विषय निघाला की हे चार आकडे येतातच.

मला त्यातला पहिलाच आकडा जास्त खुणावतो. १९१५ साली एका इंग्रज माणसाला १७७१ सालचं पिंपळे सौदागर कसं दिसलं? उत्तर सरळ आहे. त्या साली कुणीतरी वही ठेवली होती आणि ती वही टिकली होती. माधवराव पेशव्यांच्या अमलात गावच्या कुलकर्ण्याने जे मोडीत खरडलं, त्यावरून दीडशे वर्षांनी गावची कुळं मोजता आली. शिरगणतीसाठी घरोघर न जाता सरकारदरबारी आधीच असलेल्या वह्यांवरून लोकसंख्या काढायची, या कल्पनेला आज 'नोंदवही-आधारित जनगणना' असं भारदस्त नाव आहे. डेन्मार्कने १९८१ साली ती पहिल्यांदा पूर्णपणे करून दाखवली. आपल्याकडे तसं कधी होईल का, यावर दिल्लीत अधूनमधून चर्चा होते. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा या चर्चेची कसोटी पाहणारी जागा आहे, असं माझं मत आहे. कारण वह्यांना इथं तोटा कधीच नव्हता, आणि वह्यांत न मावणारी माणसंही इथं कधी कमी नव्हती.

पेशवाईतल्या वहीत माणूस यायचा तो सारा भरणारा म्हणून. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालात बांधलेले कागद आहेत, त्यांत गावांचे झाडे (तपशीलवार हिशेब) आणि पुण्याच्या पेठांच्या खानेसुमाऱ्या आहेत. 'खाना' म्हणजे घर, 'सुमारी' म्हणजे मोजणी. नावातच येतं की मोजायचं ते घर. घरधन्याचं नाव, जात किंवा धंदा, घराचे खण. आत बायका किती, पोरं किती, आलेली विधवा बहीण किती दिवसांची, याच्याशी कोतवालीला कर्तव्य नसे. पट्टी घरावर बसे, तेव्हा मोजायचं घरच.

खेड्याच्या कागदात आणखी एक भेद असायचा आणि तो आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. मिरासदार आणि उपरी. मिरासदार म्हणजे वतनी हक्काने जमीन कसणारा. त्याचं नाव वहीत पिढ्यान्‌पिढ्या चालायचं. उपरी म्हणजे बाहेरून आलेला. पडीक जमीन लागवडीला यावी म्हणून त्याला कौल देऊन बोलवायचे, सुरुवातीची वर्षं सारा हलका ठेवायचे. दुष्काळ पडला, लष्कर गावावरून गेलं की तो उठून जायचा, आणि कारकून त्याच्या नावापुढे लिहायचा 'परागंदा'. सरकारला उपरी हवा असायचा, त्याच्या हातांवाचून पडीक जमीन हलत नव्हती. पण वहीचा भरवसा मिरासदारावर. हा शब्द भाषेत किती खोल गेला ते पाहा. कुणी परका वाटला की आपण अजूनही त्याला उपराच म्हणतो.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला या मुलखात माणसं किती, हे कळेना. डॉ. थॉमस कोट्स या सर्जनने १८१९-२० च्या सुमारास लोणीकंद हे एकच गाव घेऊन त्याची माणसं, घरं, गुरं, अवजारं, अंगावरचे कपडे यांचा तपशील लिहून काढला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये सव्वाशे वर्षांनंतरच्या त्याच गावावर पुन्हा लिहिते झाले ते या कागदामुळेच. १८२४ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने विल्यम साइक्सला स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं. साइक्सला पक्षी आणि मासे यांचाही नाद होता; दख्खनच्या कितीतरी पक्ष्यांची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा त्यानेच केली. माणसांच्या बाबतीत मात्र तो पक्ष्यांइतका हिंडू शकत नव्हता. गावकामगारांच्या कागदांवर विसंबण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. पुढे १८३४ साली लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी स्थापन करणाऱ्यांत तो होता. संख्याशास्त्राच्या त्या साहेबी मंडळाच्या पायात आपल्याकडच्या कुलकर्ण्यांच्या बोरूचीही थोडी शाई आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

वह्यांवरचा विश्वास उडाला म्हणून असेल किंवा विलायतेत शिरगणती रुळली म्हणून असेल, १८७२ साली मुंबई इलाख्यात घरोघर जाऊन मोजणी झाली आणि १८८१ पासून सगळ्या हिंदुस्थानात दर दहा वर्षांनी. जुनी पद्धत एका रात्रीची. आधी गणक घरांवर नंबर टाकून नावांची कच्ची यादी करून ठेवत. मग ठरलेल्या रात्री कंदील घेऊन पुन्हा फिरत. मेला त्याचं नाव खोडायचं, जन्मला त्याचं लिहायचं, पाहुणा असेल तर जिथं झोपलाय तिथंच धरायचा. १८८१ साली ती रात्र १७ फेब्रुवारीची होती. रात्र ठरवताना जत्रा, लग्नसराई टाळायचा प्रयत्न असे, पण माघात जत्रा टाळायची म्हणजे कठीणच. माघी चतुर्थीसाठी मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला निघते. गणती त्याच दिवसांत आली असती तर निम्मं चिंचवड भीमथडीत मोजलं गेलं असतं.

१८९१ साली पुणे जिल्ह्याची लोकसंख्या साडेदहा लाखांवर होती, १९०१ साली ती दहा लाखांच्या आत आली. मधल्या दहा वर्षांत दुष्काळ आणि प्लेग होऊन गेले. प्लेगच्या बंदोबस्तात सोजीर घरात शिरून माणसं तपासत. त्याचा सूड घेणारे चाफेकर बंधू चिंचवडचे. दारात उभा राहून 'घरात किती जण?' विचारणाऱ्या सरकारी माणसाबद्दल या भागात एक जुनी अढी आहे, तिचं एक मूळ तिथंही असेल.

शिरगणती दहा वर्षांतून एकदा यायची. मधल्या काळात गावातली माणसं कोण मोजत होतं? कोतवाल. गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी 'कोतवाल बुक'. गावात कुणी जन्मलं, कुणी मेलं की त्यात ओळ पडायची. बाळाचं बारसं व्हायच्या आधीच वर्दी जायची, त्यामुळे बाळाच्या जागी बहुधा नाव नाहीच. बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. पटकी, देवी, ताप अशी मरणाची कारणं कोतवालाच्या अंदाजाने. त्या पोराचं नाव काय ठेवलं, ते पुढे शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडतं. दोन वह्या जोडल्या तर एक माणूस पुरा होतो. हे काम शंभर वर्षांनी खरोखरच करायची वेळ येईल, असं त्या कोतवालाला स्वप्नातही वाटलं नसेल.

ती वेळ आली २०२३ साली. मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूमची कुलपं निघाली. काय काय तपासायचं याची यादी वाचण्यासारखी होती. खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची नोंदवही, अगदी मळी-ताडीच्या परवान्यांचे कागदसुद्धा. सरकारने शंभर-दीडशे वर्षांत ज्या ज्या निमित्ताने माणसाचं नाव लिहिलं, ती सगळी निमित्तं एका यादीत आली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. मोडी शिकवणारे वर्ग ज्यांना छंद वाटत होते, त्यांना अचानक तलाठी फोन करू लागले.

त्या यादीत आणखी एक नाव होतं आणि तरुण मंडळी ते वाचून चमकली: 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, १९५१'. आसामच्या बातम्यांमुळे हे नाव ओळखीचं, पण ते आपल्याही तहसिलीत असेल हे कुणाच्या गावी नव्हतं. स्वतंत्र भारताची पहिली शिरगणती फेब्रुवारी १९५१ मध्ये झाली. तेव्हा माणशी एक चिठ्ठी भरली जाई. त्या चिठ्ठ्यांवरून गावोगावचं, वॉर्डावॉर्डाचं एक रजिस्टर उतरवून काढायचं ठरलं. घरनिहाय नावं, वय, नातं, धंदा. पुढच्या काळात मतदार याद्यांना, पाहण्यांना त्याचा उपयोग व्हावा, अशी कल्पना. युरोपातल्या काही देशांत आज वह्यांवरून जनगणना होते. आपण १९५१ साली जनगणनेवरून वही केली. पण वही करणं एक आणि ती चालती ठेवणं दुसरं. मेलेल्याचं नाव खोडायला, नांदायला आलेल्या सुनेचं नाव घालायला कुणी नेमलं नव्हतं. बाळंतपणाला माहेरी गेलेली लेक वहीत कायमची माहेरीच राहिली. दोन-चार वर्षांत ती वही शिळी झाली आणि सत्तर वर्षं गठ्ठ्यात पडून राहिली.

योगायोग असा की, १९५१ साल या पट्ट्याच्या दृष्टीने शेवटचं शांत साल होतं. पिंपरीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत नुकतीच उभी राहिली होती, तिला आजही पिंपरी कॅम्प म्हणतात. त्या गणतीत निर्वासित आहात का, असा वेगळा प्रश्नच होता. नव्या युगातले हे या भागातले पहिले उपरी. बाकी भोसरी, आकुर्डी, निगडी म्हणजे ज्वारी-बाजरीची खेडी. मॅनसाहेबांच्या काळापासून लोक खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जात होते खरे, पण संध्याकाळी घरी परतत. दिवसा कामगार, रात्री शेतकरी. वहीला त्यांचा त्रास नव्हता.

मग १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली आणि भोसरी-पिंपरीच्या जमिनींचं संपादन सुरू झालं. पाठोपाठ बजाज, टेल्को. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. १९७१ च्या जनगणनेत शहर ८३ हजारांचं होतं. १९९१ ला ५ लाख १७ हजार, २००१ ला दहा लाखांवर, २०११ ला १७ लाख २७ हजार ६९२. मधल्या काळात, १९९७ साली, मोशी, चिखली, वाकड अशी आसपासची गावंही हद्दीत आली, म्हणजे माणसं वाढली तशी हद्दही वाढली. हे ध्यानात घेऊनही चाळीस वर्षांत वीसपट. माणसं आली ती लातूर, उस्मानाबाद, बीड, सांगली, सातारा, जळगाव आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून. माझ्या पिढीतल्या निगडी-आकुर्डीच्या शाळांत 'तुझं गाव कुठलं?' हा प्रश्न नावाच्याही आधी यायचा आणि 'चिंचवड' असं उत्तर देणाऱ्याकडे सगळे कौतुकाने बघायचे.

पहिल्या पिढीतल्या या उपऱ्यांची नोंद कारखान्यांनी ठेवली. मस्टरवर नाव, टोकन नंबर, प्रॉव्हिडंट फंडाचा खातेक्रमांक, ईएसआयचं कार्ड. टेल्कोत परमनंट झालेला माणूस पाच-सहा वह्यांत पक्का बसला. त्याला रेशन कार्ड मिळालं, प्राधिकरणाच्या प्लॉटसाठी अर्ज करता आला, मतदार यादीत नाव आलं. तो उपऱ्याचा मिरासदार झाला. कामगार वस्त्यांत 'परमनंट' या शब्दाचं वजन पगारापुरतं नव्हतं. मुलाला स्थळ येताना तो शब्द कुळाच्या जागी विचारला जायचा.

चाकणची गोष्ट वेगळी. बजाजचा कारखाना १९९९ च्या सुमारास आला, फोक्सवॅगनचा २००९ साली, त्याच सुमारास महिंद्रा आणि मर्सिडीज. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, महाळुंगे, निघोजे या गावांच्या शिवारात पत्र्यांचे शेड आणि त्यांच्यामागे खोल्यांच्या रांगा. इथला कामगार कंपनीचा नाही, ठेकेदाराचा. आज या ठेकेदाराकडे, सहा महिन्यांनी ब्रेक, मग दुसऱ्याकडे. मस्टर ठेकेदाराचं, ठेकेदाराचं ऑफिस भोसरीला, पीएफचा नंबर कधी जुळतो कधी नाही. आधार कार्डावर पत्ता औसा तालुक्यातला, मतदान तिथंच, रेशनसाठी नाव आईबापाच्या कार्डात. खराबवाडीत तो झोपतो, जेवतो, आजारी पडतो आणि त्याच्या दुचाकीमुळे तळेगाव चौकात वाहतूक तुंबते. कागदोपत्री तो तिथं नाहीच.

इथं डेन्मार्कची गोष्ट नीट सांगायला हवी. तिथल्या पद्धतीचा गाभा संगणक नाही. घर बदललं की पाच दिवसांत नगरपालिकेला कळवायचं, हा नियम आणि तो पाळण्यात असलेला फायदा हा गाभा आहे. डॉक्टर त्या पत्त्यावरून मिळतो, शाळा त्या पत्त्यावरून मिळते, कर त्या पत्त्यावर लागतो. १९६८ पासून माणशी एक क्रमांक. स्वीडनमध्ये ही सवय आणखी जुनी. चर्चचे पाद्री अठराव्या शतकापासून तेथील जन्ममृत्यूचे तक्ते पाठवत आणि १९९१ पर्यंत लोकनोंद चर्चकडेच होती. उलट नेदरलँड्समध्ये १९७१ च्या शिरगणतीला लोकांनी इतका विरोध केला की पुन्हा तशी गणती झालीच नाही. तिथंही आता वह्यांवरूनच आकडे काढतात. विरोधामागे आठवण होती. दुसऱ्या महायुद्धात त्या देशाची अतिशय काटेकोर नगरपालिका दप्तरं नाझींच्या हाती पडली आणि ज्यू कुठं राहतात हे शोधायला त्यांना फार हिंडावं लागलं नाही. मार्च १९४३ मध्ये भूमिगतांनी अ‍ॅमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवून द्यायचा प्रयत्न केला तो याचसाठी. चांगली वही कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न वहीच्या चांगुलपणाइतकाच मोठा आहे.

आपल्याकडे वही उभारायचा दुसरा प्रयत्न २०१० साली झाला. जनगणनेची घरयादी करणाऱ्या गुरुजी-बाईंच्या हाती राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा वेगळा फॉर्म दिला गेला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. एका महाराष्ट्रात, एका वर्षात, एकाच माणसाच्या दोन राष्ट्रीय नोंदी. २०११ च्या फेब्रुवारीत प्रत्यक्ष शिरगणती झाली. २८ च्या रात्री गणकांनी फुटपाथवर, पुलाखाली झोपलेल्यांना मोजलं. चाकण गाव तेव्हा भरलं ४१ हजारांचं.

तो आकडा अजून चालू आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींचा निधी वाटताना २०११ ची लोकसंख्या धरली. अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्याला मिळणारा सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा कोटाही २०११ वरच अडकलेला. त्यामुळे औद्योगिक पट्ट्यातल्या ग्रामपंचायतीला नळ, गटार, कचरागाडी यांचा हिशेब कागदावरच्या जुन्या गावाप्रमाणे करावा लागतो. सरपंच ग्रामसभेत सांगतो, 'माणसं किती ते मला विचारू नका, टँकर किती लागतात ते विचारा.' हीसुद्धा एक शिरगणतीच.

घरयादीचं पुढचं काम २०२० च्या उन्हाळ्यात व्हायचं होतं, नोंदवही अद्ययावत करण्यासकट. २५ मार्च २०२० ला ते पुढे ढकललं गेलं आणि त्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. पुढचे दोन महिने चाकण-भोसरीतल्या माणसांनी आपली गणती स्वतःच करून दिली, रस्त्यावर उतरून. नाशिक रस्त्याने, नगर रस्त्याने बोचकी घेऊन चालणारी कुटुंबं पाहिल्यावर शहराला कळलं की, एवढे लोक इथं होते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा तेव्हा होता तो १९७९ चा. ठेकेदाराने रजिस्टर ठेवायचं, असं त्यात लिहिलेलं. रजिस्टर कामाचं असतं तर त्या दिवसांत कुणीतरी ते उघडलं असतं. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या तेव्हा नावांच्या याद्या पोलीस चौक्यांत कोऱ्या कागदांवर नव्याने लिहाव्या लागल्या. स्थलांतरितांच्या मृत्यूंची आकडेवारी नाही, असं केंद्र सरकारने सप्टेंबरमध्ये संसदेत सांगितलं. पुढच्या वर्षी, २६ ऑगस्ट २०२१ ला, असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झालं. आणखी एक वही.

या सगळ्या वह्या एकमेकींना जोडल्या तर? जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने या नोंदींचा राष्ट्रीय डेटाबेस करायची तरतूद आली आणि त्याच्यावरून मतदार यादी, रेशन, लोकसंख्या नोंदवही ताजी ठेवता येईल असं कायद्यात आलं. कागदावर पटण्यासारखं आहे. पण आपल्याकडे जन्म नोंदवला जातो तो जिथं झाला तिथं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. कुरुळीत राहणाऱ्या जोडप्याचं मूल उदगीरच्या नोंदीत जातं आणि महाळुंग्याच्या बाईला दुसऱ्या खेपेला पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात नेलं तर ते पिंपरीत धरलं जातं. मूल महाळुंग्यातल्या अंगणवाडीत येतं तेव्हाच गावाला त्याची खबर लागते.

मतदार यादीची तर मौजच झाली. १५ जानेवारी २०२६ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेची निवडणूक झाली. ३२ प्रभाग, १२८ नगरसेवक. प्रभाग पाडले २०११ च्या लोकसंख्येवर, म्हणजे १७ लाख २७ हजारांवर. आणि मतदार यादीत नावंच १७ लाखांवर! शहरात लहान मुलं जवळजवळ नाहीत, असा त्याचा अर्थ. २०१७ च्या निवडणुकीत मतदार सुमारे १२ लाख होते. यादीत हजारो दुबार नावं सापडली. राज्य निवडणूक आयोगाने तशा नावांपुढे दोन तारे छापायला सांगितलं. तारे लागलेल्या माणसाने येऊन लिहून द्यायचं की, मी अमुक एकाच ठिकाणी मत देईन. इकडे दोनदा असलेला आणि तिकडे एकदाही नसलेला, असे दोन शेजारी एकाच चाळीत राहतात. वजाबाकी-बेरीज करून आकडा कदाचित बरोबरही येईल. पण त्यात बसलेली माणसं चुकीची असतील.

आता पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीच्या क्षणाला धरून व्हायची आहे. पहिल्यांदाच मोबाइलवर, जातीच्या नोंदीसह, आणि स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय ठेवून. माणूस नेहमी जिथं राहतो तिथं त्याला धरायचं, हा नियम. चाकणला त्या मध्यरात्री तिसरी पाळी चालू असेल.

अलीकडे एका रविवारी खराबवाडीच्या बाजूला एका खोलीमालकाकडे बसलो होतो. संपादनात जमीन गेली, आलेल्या पैशात बारा खोल्या बांधल्या, पुढे आणखी दहा. एका खोलीत पाच-सहा पोरं, पाळ्या तीन, त्यामुळे गाद्या तीनच पुरतात; एक उठला की दुसरा पडतो. घरयादीला येणारे मास्तर दिवसा येतात, तेव्हा निम्म्या खोल्यांना कुलूप आणि उरलेल्यांत रात्रपाळीचे झोपलेले. मागच्या वेळी काय केलं, विचारलं. म्हणाले, 'मास्तर माझ्यापाशीच बसला. मी वही काढली, त्याने उतरवून घेतली.'

वही दोनशे पानी, शाळेची, पुठ्ठ्यावर गणपती. खोली नंबर, नावं, मोबाइल, गाव, डिपॉझिट, लाइटचं रीडिंग. मागच्या पानांत आधारच्या झेरॉक्सा टाचलेल्या, कारण भाडेकरूंची माहिती पोलीस चौकीत द्यावी लागते. पूर्ण नाव क्वचित. 'सचिन उदगीर', 'मोठा पांडे', 'ओडिसा तिघं', 'नर्सबाई'. महिन्याच्या पाच तारखेला वही ताजी होते, कारण भाडं तेव्हा येतं. कुलकर्णी मोडीत ज्या टापटिपीने ठेवत असतील, तशीच.

मी पानं चाळत होतो. काही नावांवर आडवी रेघ होती आणि समोर तारीख. एका ठिकाणी रेघेपुढे बॉलपेनने लिहिलं होतं, 'गेला. गादी ठेवून गेला. डिपॉ. ५०० द्यायचे राहिले.' कुठं गेला, म्हणून विचारलं. खोलीमालकांनी चष्मा वर केला, नाव पाहिलं आणि म्हणाले, 'हा होय? हा तळवड्याला लागला म्हणे दुसऱ्या कंपनीत. येईल पैसे न्यायला.'